थोड्या खर्चात जपा गाडीचा मागचा बंपर

पुणे शहरात छोटा व्यापारी किंवा कारागीर गाडी घेतो ती मिरवण्यासाठी नव्हे. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, दुपारी पेठेतल्या कामाला जायचे, संध्याकाळी गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या मंडळींना नातलगांकडे न्यायचे, अशी सारी कामे एकाच गाडीवर होतात. ही गाडी बहुधा जुनी घेतलेली असते, हप्ते चालू असतात आणि चार-पाच वर्षांनी ती विकून दुसरी घ्यायची असा बेत असतो. अशा गाडीचा जो भाग सर्वांत आधी विद्रूप होतो तो म्हणजे मागचा बंपर. विकायच्या वेळी घेणारा माणूस आधी मागे जाऊन उभा राहतो आणि बंपरवर बोट ठेवून भाव पाडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

ओरखडा पडला की मालकाला तीन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, रंग मारून घ्या. दुसरा म्हणतो, विमा भरता ना, मग क्लेम टाका. तिसरा म्हणतो, लोखंडी गार्ड बसवा, म्हणजे कायमची कटकट गेली. आमचे मत असे की हे तिन्ही सल्ले घाईचे आहेत आणि तिन्हींत पैसा जातो. ओरखडा नेमका कुठून येतो हे आधी पाहावे आणि तेवढ्याच जागेचा बंदोबस्त करावा. हे काम थोड्या पैशांत होते आणि त्यातले बरेचसे आपल्याच कारागिरांच्या हातचे आहे.

लोखंड गेले, प्लॅस्टिक आले

अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात बंपर पोलादी असे आणि त्यावर क्रोमचा मुलामा असे. ठोकर लागली तर पत्रा ठोकणारा तो सरळ करी आणि मुलामेवाला पुन्हा चकचकीत करून देई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि प्लॅस्टिकचे बंपर आपल्या ओळखीचे झाले. पुढे १९९० च्या दशकात गाडीच्याच रंगाचे बंपर येऊ लागले. गाडी देखणी झाली, पण ज्या भागाने मार खायचा त्याच भागावर नाजूक रंग चढला. आजचा सारा त्रास तिथून सुरू झाला.

आजचा बंपर बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा असतो. बंपर काढल्यावर आतल्या बाजूला ‘पीपी’ ही इंग्रजी अक्षरे उठवलेली दिसतात. त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. हा वरचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाच, किंबहुना त्याहूनही पातळ असतो. म्हणून खोक्याचा कोपरा किंवा दुचाकीच्या ब्रेकची दांडी नुसती घासली तरी चरा उमटतो.

मात्र या प्लॅस्टिकचा एक मोठा गुण आहे. ते गंजत नाही. दरवाजाच्या किंवा डिकीच्या पत्र्यावर खोल ओरखडा पडला तर पावसाळ्याआधी त्यावर रंग लावावाच लागतो, नाहीतर गंज पसरतो. बंपरवरचा ओरखडा मात्र वर्षभर तसाच राहिला तरी फक्त दिसायला वाईट दिसतो, बंपरचे काही बिघडत नाही. म्हणजे घाई करण्याचे कारण नाही. प्रत्येक ओरखड्यामागे रंगाऱ्याकडे धावण्यापेक्षा गाडी विकण्याआधी एकदाच सगळा बंपर नीट रंगवून घेणे परवडते. तोवर नवे ओरखडे पडू नयेत एवढी काळजी घ्यायची.

आधी ओरखड्याची जागा ओळखा

मागच्या बंपरवर ओरखडे चार ठिकाणांहून येतात. बंपरच्या वरच्या सपाट काठावर आडवे-उभे चरे असतील तर ते डिकीत सामान चढवता-उतरवताना पडलेले असतात. कोपऱ्यावर लांब घासलेली खूण असेल तर ती भिंतीची, खांबाची किंवा फाटकाची असते. मध्यभागी किंवा कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर छोटे खोल ओरखडे असतील तर ते बहुधा उभ्या गाडीला घासून गेलेल्या दुचाकीचे असतात. आणि उन्हात पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या तर ते फडक्याचे काम असते.

गाडी एकदा स्वच्छ धुऊन सकाळच्या उन्हात उभी करावी आणि या चारपैकी कोणते चरे जास्त आहेत ते पाहावे. एवढ्या तपासणीला एक पैसाही लागत नाही, पण पुढचा खर्च अर्धा होतो.

डिकीच्या काठाला झूल

वरच्या काठावरचे चरे थांबवणे सर्वांत सोपे आहे. डिकीच्या आत अडकवलेला आणि उघडल्यावर बंपरवर लोंबणारा एक कापडी पडदा, म्हणजे झूल, करून घ्यावी. बाहेरून जाड रेक्झिन किंवा कॅनव्हास आणि रंगाला लागणाऱ्या बाजूने मऊ सुती किंवा लोकरी कापड, अशी ती दुहेरी असावी. रुंदी डिकीच्या तोंडाएवढी आणि लांबी बंपर झाकून चार बोटे खाली येईल एवढी ठेवावी. आतल्या गालिच्याला ती वेल्क्रोने चिकटते. काम झाले की घडी करून आत टाकायची.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. झुलीला धातूची बटणे, रिंग किंवा चेन नसावी, कारण त्यांनीच ओरखडे पडतात. आणि आतले मऊ कापड वरचेवर झटकून धुवावे. त्यात वाळूचा कण अडकला तर झूल पॉलिश पेपरसारखी चालते. झूल शिवून होईपर्यंत जुनी सतरंजी किंवा गोधडीचा तुकडाही चालतो. गोणपाट मात्र थेट रंगावर टाकू नये, त्याचा धागा खरबरीत असतो आणि त्यात माती राहते.

झूल रोज टाकण्याचा कंटाळा येत असेल तर वरच्या काठापुरती पारदर्शक फिल्म लावून घ्यावी. संपूर्ण गाडीला अशी फिल्म लावणे महाग पडते, पण काठाची एक पट्टी छोट्या तुकड्यात भागते. दुकानदाराकडे मोठ्या कामातून उरलेला तुकडा असला तर तो स्वस्तात मिळू शकतो.

कोपऱ्यांना रबरी पट्टी

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे, तिथे कोपऱ्यांना आणि मध्यभागी लावायच्या रबरी पट्ट्या मिळतात. दुचाकीच्या घासणीवर आणि हलक्या ठोकरीवर हा स्वस्त उपाय आहे. पण पट्टी महिन्याभरात सुटून येते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पट्टीचा नसतो, लावण्याच्या पद्धतीचा असतो.

बंपर आधी साबणाच्या पाण्याने धुवावा. तो पूर्ण वाळल्यावर, जिथे पट्टी लावायची तिथे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावे, म्हणजे पॉलिशचा आणि तेलाचा अंश निघतो. पॉलिशवर कोणतीही चिकटपट्टी टिकत नाही. पट्टी चिकटवल्यावर प्रत्येक इंचावर अंगठ्याने जोर द्यावा. चांगल्या प्रतीच्या दुहेरी फोम टेपची पकड पूर्ण व्हायला साधारण तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुऊ नये. पावसाळी ओलसर दिवसात उघड्यावर हे काम करू नये. बंपर नव्याने रंगवला असेल तर रंग आतपर्यंत वाळायला महिनाभर द्यावा, नाहीतर पट्टी काढताना रंगही सोबत येतो.

आणखी एक सूचना. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांना मागे अडथळा सांगणारे सेन्सर सक्तीचे झाले आहेत. बंपरवर दिसणारी रुपयाएवढी गोल बटणे म्हणजे हेच सेन्सर. त्यांच्यावर पट्टी, फिल्म किंवा जाड रंग येऊ देऊ नये. नंबरप्लेट, दिवे आणि लाल रिफ्लेक्टरही झाकले जाता कामा नयेत.

भिंत आणि खांब यांनाच आवरा

कोंढव्यातल्या सोसायट्यांत गाडी तळमजल्यावरच्या खांबांमध्ये लावावी लागते. मोमीनपुरा किंवा भवानी पेठेत ती बोळाच्या तोंडाशी उभी राहते. रोज त्याच जागी, त्याच भिंतीशी गाठ असेल तर गाडीला पट्टी लावण्यापेक्षा भिंतीलाच गादी लावणे शहाणपणाचे.

टायरवाल्याकडे टाकून दिलेला टायर बहुधा नाममात्र पैशांत मिळतो. त्याचा तुकडा कापून, बंपरच्या उंचीवर, खिळ्यांची डोकी रबरात बुडतील अशा रीतीने भिंतीला ठोकावा. टायरमधल्या तारांची टोके बाहेर येत नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहावे. खांबाला जाड फोम गुंडाळून वर पांढरी किंवा पिवळी चमकणारी पट्टी लावली तर रात्री आरशात खांब दिसतो.

याहून सोपा उपाय म्हणजे चाकामागचा ठोकळा. गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी करावी आणि मागच्या चाकाला टेकेल असा लाकडी ठोकळा जमिनीवर पक्का करावा. टिंबर मार्केटमध्ये असा टाकाऊ तुकडा सहज मिळतो. चाक ठोकळ्याला लागले की गाडी थांबते आणि बंपर भिंतीला पोहोचत नाही. जागा सामाईक असेल तर शेजाऱ्यांना आणि सोसायटीला विचारूनच तो बसवावा. वयस्कर माणूस अडखळून पडेल अशा वाटेवर ठेवू नये.

रस्त्यावर गाडी लावताना मागच्या गाडीपासून अर्धवट फट ठेवू नये. हँडल जेमतेम मावेल एवढी फट दिसली की दुचाकीस्वार त्यातून वाट काढतो आणि खूण आपल्या बंपरवर राहते. शक्य असेल तिथे गाडीची मागची बाजू वर्दळीपासून दूर ठेवावी.

फडक्याने पडणारे ओरखडे

पुण्यात मेट्रोची, पुलांची आणि इमारतींची कामे चालतात, धुळीला तोटा नाही. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणे ही आपल्याकडची सवय, पण धुळीत वाळूचे कण असतात आणि कोरडे फडके ते रंगावर घासत नेते. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग मऊ कापडाने पुसावे. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत साबणाचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. चाके पुसलेले फडके बंपरला लावू नये. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर टाकले तर वाऱ्याने ते हलते आणि हाच प्रकार घडतो. पाणी कमी असेल त्या दिवशी गाडी मळकी राहिलेली बरी.

लोखंडी गार्ड नको

जाड नळीचा लोखंडी गार्ड पाहून मन भुलते. पण त्याचे दोन तोटे आहेत. बंपरचे प्लॅस्टिक आणि त्यामागचा भाग दबून धक्का शोषून घेण्यासाठी असतो. गार्ड थेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. त्यामुळे ओरखड्यावर भागले असते तिथे धक्का सांगाड्यापर्यंत जातो, आणि सांगाडा सरळ करण्याचे काम बंपर रंगवण्याच्या कितीतरी पट महाग पडते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याला तर तो लोखंडाचा दांडाच असतो.

दुसरा तोटा कायद्याचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ओरखडा वाचवायला जाऊन ही बला घेणे शहाणपणाचे नाही.

क्लेम टाकण्याआधी हिशेब करा

विमा आहे म्हणून ओरखड्याचा क्लेम टाकणे फायद्याचे वाटते. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तर चित्र उलटे दिसते.

समजा बंपर रंगवण्याचे एकत्रित बिल ४,००० रुपये झाले. साध्या पॉलिसीत अशा बिलाचा चौथा हिस्सा, म्हणजे १,००० रुपये, रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मी घसारा कपात होते. म्हणजे ५०० रुपये गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. हातात आले २,५०० रुपये.

आता दुसरी बाजू. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. ही सूट पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. एक क्लेम टाकला की ती शून्यावर येते. समजा सुटीआधीचा हा हप्ता वर्षाला ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्के सुटीमुळे ४,००० भरता. क्लेमनंतर पहिल्या वर्षी ४,००० रुपये जास्त जातील, दुसऱ्या वर्षी २,४००, तिसऱ्या वर्षी २,०००, चौथ्या वर्षी १,२०० आणि पाचव्या वर्षी ४००. एकूण १०,००० रुपये. अडीच हजार मिळवण्यासाठी दहा हजार गमावले. घसारा न कापणारी किंवा सूट वाचवणारी जादा कलमे घेतली असतील तर हिशेब बदलतो, म्हणून पॉलिसीचा कागद आधी वाचावा.

बंपर फुटून नवाच बसवावा लागला तरी साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागाच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापला जातो, मग गाडी एक वर्षाची का असेना.

व्यापारी बांधवांनी आणखी एक कलम पाहावे. खासगी गाडीच्या पॉलिसीत नमुने आणि स्वतःचे सामान यांखेरीज मालवाहतूक बसत नाही. डिकीत रोज विक्रीचा माल भरून गाडी फिरत असेल आणि मालासह मोठा अपघात झाला तर क्लेम नाकारला जाण्याचा धोका असतो. वरच्या काठावरचे दाट चरे पाहून एवढे जरी लक्षात आले तरी पुष्कळ झाले. रोजचा माल वाहायचा असेल तर मालवाहू नोंदणीची गाडी आणि त्याच प्रकारचा विमा हाच सरळ मार्ग.

पडलेल्या ओरखड्याचे काय?

ओरखड्यावर पाणी लावून पाहावे. ओला असताना तो दिसेनासा झाला तर जखम वरच्या लॅकरपुरती आहे, हाताने पॉलिश करून ती बरीच झाकते. नख फिरवल्यावर अडकले तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने फक्त कडा मऊ होतील. खालचे काळे किंवा करडे प्लॅस्टिक दिसू लागले तर रंगाचेच काम आहे, आणि आधी सांगितल्याप्रमाणे ते थांबू शकते. भिंतीचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग चढला असेल तर तो ओरखडा नसून डाग असतो. मऊ कापडावर थोडे रबिंग घेऊन हळूहळू घासले तर तो निघतो आणि मालक चकित होतो.

रंगवायचेच ठरले तर रंगाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: प्लॅस्टिकचा प्रायमर लावणार का? पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाही. उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकवर पकड देणारा खास थर न देता रंग मारला तर काही महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. स्वस्त बिलात हाच थर वगळला जातो. जे बंपर मुळातच काळे आणि खरबरीत आहेत, ते रंगवून घेण्याचा मोह टाळावा. कामाच्या गाडीला काळा बंपरच सोयीचा.

कारागिरांसाठी काम

यात आपल्या हुन्नरी मंडळींना चांगले काम आहे. सीट कव्हर शिवणाऱ्याकडे रेक्झिनचे उरलेले तुकडे असतात, त्यातून डिकीची झूल सहज होते. प्रत्येक गाडीच्या मापाचा कागदी नमुना एकदा कापून जपून ठेवला की पुढच्या गिऱ्हाइकाला तासाभरात झूल देता येते. किंमत ठरवताना माल, मजुरी आणि वाया जाणारा भाग वेगळा लिहावा. पट्टी बसवणाऱ्याने स्पिरिटने पुसून, तीन दिवस धुऊ नका असे सांगून काम दिले तर ती सुटून परत येणार नाही. रंगाऱ्याने पावतीवर प्लॅस्टिक प्रायमरचा उल्लेख करावा. दोनशे रुपये जास्त घेण्याचे कारण लेखी दिसले की गिऱ्हाईक कुरकुर करत नाही.

लोखंडी गार्ड विकून एका दिवशी जास्त नफा मिळेल. पण दंडाची पावती हातात आली की गिऱ्हाइकाला दुकानदाराचेच नाव आठवते. जो त्याला सांगेल की गार्ड नको, झूल आणि दोन पट्ट्या पुरेत, त्याच्याकडे तो भावालाही घेऊन येईल आणि मेहुण्यालाही. या महिन्यात कापडाची झूल आणि चाकामागचा ठोकळा, एवढ्या दोन गोष्टी प्रत्येकाने करून पाहाव्यात. पुढच्या वर्षी गाडी विकायला काढाल तेव्हा त्यांचा खर्च भावातच वसूल झालेला दिसेल.